एकाशेजारी एक: देवळालीचे कापरेकर आणि मोठ्या मूळ संख्या

गेल्या महिन्यात पुतण्याने मला एक रील पाठवली. ६१७४ ही म्हणे विश्वाची गुप्त संख्या, आणि आपल्या मोबाईलची सगळी सुरक्षा तिच्यावरच चालते. खाली त्याचा प्रश्न: काका, हे खरं आहे का?

अर्धं खरं होतं. संख्या खरी, ती शोधणारा माणूसही खरा, आणि तो अगदी आपल्या भागातला. मोबाईलच्या सुरक्षेचं मात्र निव्वळ थाप. सुरक्षेसाठी खरोखर राबतात त्या मोठमोठ्या मूळ संख्या. पण गंमत अशी की या माणसाच्या वहीतून त्या मूळ संख्यांकडे जाणारी एक वाट आहे, आणि ती रीलपेक्षा कितीतरी मजेशीर आहे. आज तीच दाखवतो.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, संगमनेरचा. इथून नाशिकची एसटी धरली की सिन्नर ओलांडून नाशिकरोड येतं. तिथून देवळाली रिक्षाने जाण्याइतकी जवळ. त्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवत होते. त्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेलो असेन, पण हे नाव मला कळलं ते खूप उशिरा, एका इंग्रजी लेखातून. याची थोडी लाज वाटते, म्हणून हा लेख.

आधी फोन हातात घ्या

कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडे लिहा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच. मध्ये शून्य आलं तर ते टाकून द्यायचं नाही, चार घरं भरलेली ठेवायची.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा. तीच संख्या घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तेच केलं तर पुन्हा ७६४१ − १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. गाडी इथे थांबते. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. त्यांच्या जन्मवर्षाला पूर्ण सात लागल्या. यालाच जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. त्यांनी तो १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

यात जादू काही नाही. चार अंकी संख्या मोजक्याच आहेत, त्यामुळे अशी कुठलीही क्रिया करत राहिलं की कधी ना कधी ती स्वतःच्याच पावलांवर येणार. आश्चर्य एवढंच की सगळे रस्ते एकाच गावी जातात. आणि ६१७४ मूळ संख्याही नाही. ती २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ आहे. तिच्यावर कुणाचं कुलूप चालत नाही.

डहाणूचा मुलगा

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि ती पटापट करायच्या युक्त्याही आल्या. मुलाने ज्योतिष बाजूला ठेवलं, आकडे तेवढे उचलले.

शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. पुढचं शिक्षण झालं नाही. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. पुढच्याच वर्षी देवळालीची शाळा.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे जे काही झालं ते शाळा सुटल्यावरच्या वेळात झालं. हातात कागद, पेन्सिल आणि पत्रव्यवहारासाठी पोस्ट. कॅल्क्युलेटरसुद्धा नाही.

स्टेशनावर सुचलेल्या संख्या

तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. आजची डोंबिवली ती हीच, असं सांगतात. तिथे असताना कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करावासा वाटला, आणि त्यांनी त्यांना स्टेशनचंच नाव देऊन टाकलं: डेम्लो संख्या. त्यांतल्या सगळ्यात देखण्या अशा:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असा हा जिना चढतो आणि उतरतो. नऊ एकांपर्यंत तो सरळ जातो. दहा एकांचा वर्ग करायला गेलं की मधल्या घरात हातचा येतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासोबत त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये डेम्लो संख्यांवर शोधनिबंधही लिहिला.

या जिन्याच्या पायथ्याशी जी वीट आहे, ती म्हणजे नुसत्या एकांची रांग. १, ११, १११, ११११. इंग्रजीत हिला रिप्युनिट म्हणतात. आपण एकरांग म्हणू. आणि इथेच मूळ संख्यांचा प्रश्न उभा राहतो.

एकरांग मूळ संख्या कधी असते?

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच निःशेष भाग जात नाही. ११ मूळ आहे. १११ आहे का? अंकांची बेरीज ३, म्हणजे ३ ने भाग जातो: ३ × ३७. गेली.

पहिला नियम डोळ्यांनीच दिसतो. सहा एक घ्या: १११११११ नको, नीट सहाच, १११११११ मधला एक खोडून १११११११ होणार नाही याची काळजी घ्या, मोजायला मी दोन-दोनच्या जोड्या करतो: ११ ११ ११. जोड्या पडल्या, म्हणजे ११ ने भाग गेलाच. तीन-तीनचे गट केले तर १११ नेही जातो. म्हणजे एकांची संख्या गटांत वाटता आली तर रांग फुटते. रांग मूळ हवी असेल तर तिच्यातल्या एकांची संख्या आधी मूळ हवी.

पण तेवढं पुरत नाही. पाच एक: ४१ × २७१. सात एक: २३९ × ४६४९. अकरा, तेरा, सतरा एक, सगळ्या फुटतात. मग एकोणीस एकांची रांग येते:

१११११ १११११ १११११ ११११

ही फुटत नाही. ही मूळ आहे. १९१८ मध्ये ऑस्कर हॉप यांनी ते सिद्ध केलं. तेवीस एकांची रांगही मूळ आहे. ते सिद्ध झालं १९२९ मध्ये, म्हणजे कापरेकर पदवीधर झाले त्याच वर्षी.

हे मी फोनवर करून पाहिलं. पायथॉन चालवणारं अ‍ॅप प्ले स्टोअरवर फुकट मिळतं. एकोणीस एकांची रांग तपासायची तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १०५ कोटींपर्यंतचे भाजक बघावे लागतात. पण एक युक्ती आहे. एकांची संख्या ३ पेक्षा मोठी आणि मूळ असेल, तर रांगेचा प्रत्येक मूळ अवयव त्या संख्येच्या दुपटीच्या पटीत अधिक १ असाच असतो. सात एकांचं बघा: दुप्पट १४, आणि २३९ म्हणजे १४ × १७ + १, ४६४९ म्हणजे १४ × ३३२ + १. एकोणीससाठी दुप्पट ३८. म्हणजे दर ३८ संख्यांतली एकच तपासायची. १०५ कोटींचं काम पावणेतीन कोटींवर आलं. माझ्या साध्या फोनला अर्धा मिनिटही लागलं नाही. १९१८ मध्ये हे कागदावर करणाऱ्याला सलाम.

मोठी रांग, वेगळी परीक्षा

एकांची संख्या शेकड्यांत गेली की भाजक शोधणं संपलं. विश्व संपेल, भाग संपणार नाहीत. तिथे फर्माची परीक्षा वापरतात. एखादी लहान संख्या, समजा ३, घ्यायची. तपासायच्या संख्येतून १ वजा करून जे येईल तेवढा तिचा घात करायचा, आणि तपासायच्या संख्येने भागायचं. बाकी १ आली नाही तर संख्या नक्कीच मूळ नाही. १ आली तर बहुधा मूळ. पायथॉनचं पॉव नावाचं फंक्शन हे क्षणात करतं.

इथे मी स्वतः फसलो. मी ३ च्या जागी १० घेतले, आणि सात एकांची रांग पास झाली! वर तर आपण तिचे अवयव पाहिले. कारण शोधायला संध्याकाळ गेली. १० चा सातवा घात म्हणजे १,००,००,०००, त्यातून १ वजा केला की सगळे नऊ, आणि सगळे नऊ म्हणजे ९ गुणिले एकरांग. म्हणजे १० ही या रांगांच्या घरचीच. घरच्याला साक्षीला बोलावलं तर तो बाजूनेच बोलणार. ३ घेतले की सात एकांची रांग लगेच पकडली जाते.

याच जातीच्या, पण जास्त कडक परीक्षांनी ह्यू विल्यम्स यांनी १९७७ मध्ये ३१७ एकांची रांग मूळ आहे हे सिद्ध केलं.

हसणारे आणि हर्षद

आता देवळालीला परत येऊ. कापरेकर सुट्ट्यांत गणिताच्या परिषदांना जात, स्वतःच्या खर्चाने. तिथे बऱ्याच मोठ्या गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटे. अंकांची बेरीज, अंकांची उलटापालट, यात गणित ते काय? त्यांचे लेख अनेकदा साध्या नियतकालिकांत यायचे, काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या.

टीका अगदीच खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. ६१७४ ची करामत आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून आहे. आपल्याला आठच बोटं असती तर ती संख्या कुणाच्या लक्षातही आली नसती. गणितज्ञांना असे गुण आवडतात जे लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसतात. मूळ असणं हा तसा गुण आहे. ११ कुठल्याही पद्धतीत लिहा, ती मूळच राहते.

कापरेकरांनी मात्र थांबायचं नाव घेतलं नाही. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या, बेरीज ९, भाग जातो. आणि ६१७४? बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. हर्षद! मूळ संख्या मात्र दोन किंवा जास्त अंकांची असेल तर कधीच हर्षद होऊ शकत नाही, कारण तिला तिच्याहून लहान अशा कुठल्याच बेरजेने भाग जाणार नाही. याच संख्यांना पुढे अमेरिकन गणितज्ञ आयव्हन निव्हन यांच्या नावानेही ओळखलं गेलं, कारण १९७७ मध्ये ते त्यांच्यावर एका परिषदेत बोलले.

त्यांच्या स्वयंभू संख्याही अशाच. २१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ३ मिळवा, २४ येतात. म्हणजे २४ चा जन्म २१ पासून. पण काही संख्यांना असा जन्मदाताच नसतो. ३१, ५३, ९७ या तशा, आणि तिन्ही मूळही आहेत. यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. गावाचं नाव गणितात गेलं ते असं.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेत राहिले. आणि वह्या भरत राहिले.

एकाच सदरातल्या दोन गोष्टी

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. ते सदर जगभर वाचलं जाई. सत्तरीतल्या निवृत्त मास्तरांचं नाव एकदम सगळीकडे पोचलं.

आता हे बघा. ऑगस्ट १९७७ मध्ये त्याच सदरात गार्डनर यांनी एक नवी कुलूपपद्धत सांगितली: आरएसए. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार जगाला दाखवायचा, आणि त्या दोन मात्र लपवायच्या. गुणाकार करणं सोपं, परत फोडणं जवळजवळ अशक्य. आज अनेक वेबसाइटची डिजिटल प्रमाणपत्रं याच पद्धतीवर उभी आहेत. २०४८ बिटच्या आरएसए चावीत लपलेली प्रत्येक मूळ संख्या सुमारे ३०९ अंकांची असते.

३१७ एकांची रांग जवळपास त्याच मापाची, आणि सिद्ध झाली त्याच वर्षी. मग ती चावीत वापरायची का? मुळीच नाही. ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. अशी चावी म्हणजे पिन १२३४ ठेवण्यासारखं. म्हणून तुमचं यंत्र मूळ संख्या निवडताना आधी यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेली संख्या घेतं आणि मग ती वरच्यासारख्या परीक्षांतून काढतं. सुंदर संख्या शोधायच्या असतात, लपवायच्या संख्या कंटाळवाण्याच बऱ्या.

फोनच्या भाषेतली एकरांग

दहाच्या पद्धतीवर अवलंबून असलेलं गणित हलकं, असं म्हणणाऱ्यांना एक उत्तर आहे. पद्धतच बदलून बघा. फोन मोजतो ० आणि १ या दोनच अंकांत. तिथे ११ म्हणजे आपले ३, १११ म्हणजे ७, १११११ म्हणजे ३१. सगळ्या मूळ! याच मर्सेन संख्या, सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्री मारँ मर्सेन यांच्या नावाच्या. मर्सेन संख्या म्हणजे फोनच्या भाषेतली एकरांग.

आणि वरचे सगळे नियम इथे तसेच चालतात. एकांची संख्या मूळ हवी. तेवढं पुरत नाही: अकरा एकांची रांग म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९. अवयव पुन्हा दुपटीच्या पटीत अधिक १: २२ + १ आणि ८८ + १. फर्माच्या परीक्षेत इथे २ हा घरचा साक्षीदार, त्याला बोलवायचं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी गिम्प्स या स्वयंसेवकांच्या प्रकल्पातून जी मूळ संख्या शोधली, ती हा लेख लिहिताना मला माहीत असलेली सगळ्यात मोठी. दोनच्या पद्धतीत ती म्हणजे १३,६२,७९,८४१ एक, शेजारी शेजारी. आपल्या पद्धतीत ४,१०,२४,३२० अंक. सेकंदाला एक अंक वाचला, झोपलातच नाही, तरी सुमारे ४७५ दिवस लागतील. तिचा रोजच्या सुरक्षेत काही उपयोग नाही. पण असल्या शोधातून संगणकाचे प्रोसेसर तपासले जातात आणि अवाढव्य गुणाकार झटपट करायच्या पद्धती घासूनपुसून लख्ख होतात.

शेवटी

कापरेकर १९८६ मध्ये देवळालीला गेले. त्याच वर्षी विल्यम्स आणि हार्वे डबनर यांचा १०३१ एकांच्या रांगेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला: तीही मूळ. तो योगायोग, बाकी काही नाही. १९८६ वर सुरुवातीची वजाबाकी करून बघा, सहा पायऱ्यांत ६१७४. तोही योगायोग नाही, कारण तिथे सगळेच पोचतात.

पुतण्याला मी उत्तर पाठवलं: तुझा फोन कापरेकरांच्या संख्येवर चालत नाही. पण ज्या कुतूहलाने कुणीतरी एकाशेजारी एक मांडून हे फुटतं का असं विचारलं, त्या कुतूहलावर चालतो. त्या प्रश्नासाठी पदवी लागत नाही, महागडा फोन लागत नाही. देवळालीच्या मास्तरांकडे तर फोनही नव्हता.

दोन तासांनी त्याचा मेसेज आला. त्याने स्वतःचं जन्मवर्ष घालून पाहिलं होतं, आणि आता तीन अंकी संख्यांचं काय होतं ते विचारत होता. उत्तर मी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाही. कॅल्क्युलेटर उघडाच आहे.